शेवटच्या वर्तुळातला ठिपका

एका खाडीच्या काठी मिठागरांचं एक गाव होतं. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता. मोठ्या भरतीला बांधापलीकडच्या होड्या माणसाच्या डोक्याच्याही वर डुलायच्या आणि बांधाअलीकडे बायका अंगणात निवांत भांडी घासत बसायच्या. एवढं पाणी उशाशी असूनही गाव पाण्याला भ्यायचं नाही. गाव भ्यायचं ते बांधाला टेकून उभ्या असलेल्या दगडी कोठीला.

त्या कोठीत रसायनशास्त्राचे एक म्हातारे गुरुजी प्रयोग करत असत. आत लाकडी फळ्यांवर जाड काचेच्या बरण्या होत्या. बरण्यांत रॉकेल होतं आणि रॉकेलमध्ये करड्या रंगाचे गोळे. प्रत्येक बरणीवर गुरुजींनी तांबड्या रंगानं वर्तुळं काढली होती, एकात एक, आणि त्या वर्तुळांवर ठिपके.

ते काय आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे प्रत्येकानं आपापल्या मनानं काहीतरी ठरवलं होतं. कुणी म्हणे, ही करणी आहे. कुणी म्हणे, एकेक ठिपका म्हणजे एकेक कोंडलेला जीव, मोजायला गेलं की ताप भरतो. लेकराला कडेवर घेऊन कोठीवरून जाताना बाया त्याच्या डोळ्यांवर पदर धरायच्या.

गुरुजींची विद्यार्थिनी होती सगुणा. ती एकदा म्हणाली, "गुरुजी, लोकांना खरं काय ते सांगून टाकू या ना."

गुरुजी हसले. "कशाला? भ्याले आहेत तेच बरं. भीतीसारखं कुलूप नाही. कुणी जवळ फिरकणार नाही."

सगुणाला ते पटलं नव्हतं, पण ती गप्प राहिली. कारण ती स्वतःसुद्धा त्या बरण्यांना भीत होती. एकदा गुरुजींच्या हातून बरणीतल्या धातूचा बारीकसा कण ओल्या फडक्यावर पडला होता. फडकं हातातच पेटलं. गुरुजींच्या उजव्या हाताची बोटं तेव्हापासून नीट मिटत नव्हती. ते फडकं पेटतानाचा आवाज सगुणाच्या कानातून कधी गेलाच नाही.

पुढे गुरुजी वारले. सगुणानं शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेला कळवलं, हे सगळं घेऊन जा. त्यांनी सांगितलं, पावसाळा संपला की येतो. मग सगुणानं कोठीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि पावसाळा सरायची वाट पाहत ती दिवस काढू लागली.

पावसाळा सरला नाही. त्याच्या आधी अमावास्येचं उधाण आलं.

त्या सकाळी पाऊस थांबला होता, पण आभाळ खाली आलं होतं. गावचे पाटील, जोमाकाका, पायाला चिखल फासून धावतच सगुणाच्या दाराशी आले.

"सगुणा, बाय, लवकर चल. बांध झिरपतोय."

"कुठे?"

जोमाकाकांनी नुसतं कोठीकडे पाहिलं.

सगुणानं कोठीचं दार उघडलं तेव्हा रॉकेलचा वास अंगावरच आला. बांध खचल्यानं मागची भिंत कलली होती आणि फळ्या तिरप्या झाल्या होत्या. काही बरण्या एकमेकींवर आपटून तडकल्या होत्या. त्यांतून रॉकेल गळत होतं, थेंब थेंब, आणि खालची फरशी ओली होती. ती ओल रॉकेलची होती की पाण्याची, हे अंधारात कळत नव्हतं. सगुणानं बोट टेकवून वास घेतला. भिंतीच्या बाजूला रॉकेल नव्हतं. तिथे खाडीचं पाणी होतं.

तिनं बोट पदराला कोरडं पुसलं.

"काका, भरती कितीला?"

"दुपारी. आजचं उधाण वर्षातलं मोठं. बांध इथेच फुटणार."

"आणि हे पाणी आत आलं तर..." तिनं बरण्यांकडे पाहिलं.

"तर काय होईल?"

"ही कोठी राहणार नाही. जवळची घरंही राहणार नाहीत. आणि बांधाला केवढं भगदाड पडेल, ते तुम्हीच सांगा."

जोमाकाकांनी चावडीपुढे गाव गोळा केलं. बातमी त्यांच्याआधीच पोहोचली होती. बायका लेकरांना घट्ट धरून उभ्या होत्या. कुणी गाठोडी बांधूनच आलं होतं. सगळ्यांत पुढे हाशा उभा होता. हाशा गावचा होडीवाला, धिप्पाड माणूस. बुडणाऱ्या कितीतरी जणांना त्यानं खाडीतून ओढून काढलं होतं. त्याचं घर कोठीपासून हाकेच्या अंतरावर होतं आणि घरात त्याची लेक यमुना दिवस भरत आलेली, बाळंतपणाला माहेरी आली होती.

"विचार कसला करता?" हाशा म्हणाला. "उचला त्या बरण्या आणि द्या खाडीत फेकून. खाडी सगळं पोटात घेते. माझा जन्म गेला तिच्यावर, मला माहीत आहे."

"नको!" सगुणा एवढ्या जोरात ओरडली की लोक दचकले. "हाशादादा, तेवढं मात्र करू नका. पाणीच तर नकोय त्याला."

"मग काय हवंय त्याला? बळी?"

कुणीतरी हुंदका दिला. सगुणानं चुलीतला कोळसा मागून घेतला आणि चावडीच्या ओट्यावर वर्तुळं काढायला लागली. ती वर्तुळं पाहताच पुढची रांग मागे सरकली.

"थांबा. ही करणी नाही," सगुणा म्हणाली. "जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते. अणू म्हणजे इतका बारीक कण, की डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या मधोमध केंद्रक असतं. त्याच्याभोवती कक्षा असतात आणि कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन. वर्तुळ म्हणजे कक्षा, ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉन. गुरुजींनी बरणीत काय आहे ते बरणीवर काढून ठेवलं होतं, एवढंच."

लोक ऐकत होते, पण अर्धं लक्ष खाडीकडे होतं.

"हे बघा, हा सोडियम, बरण्यांतला एक धातू. पहिल्या कक्षेत दोन मावतात. दुसरीत आठ. मग उरतो हा अकरावा. तो एकटा, सगळ्यांत बाहेरच्या कक्षेत. आतले दहा कुणाला काही करत नाहीत. जे काही होतं ते या बाहेरच्यामुळे होतं. त्याला संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. बाहेरच्या कक्षेत आठ असले की अणू शांत असतो. एकटाच असला की तो देऊन टाकायची अणूला घाई असते. पाणी भेटलं की हा धातू तो देऊन टाकतो. देताना एवढी उष्णता निघते, की पाण्यातून निघालेला वायू पेटतो. रॉकेल तो ठिपका घेत नाही, म्हणून हे रॉकेलमध्ये बुडवून ठेवलंय."

"म्हणजे पाण्यात टाकलं तर विझणार नाही?" गर्दीतून एक जण म्हणाला.

"पाण्यातच पेटेल."

हे ऐकून लोकांची भीती कमी झाली नाही, वाढली. आजवर पाणी हा त्यांच्या प्रत्येक आगीवरचा उपाय होता. पाण्यानंच पेटणारी आग त्यांनी ऐकलीही नव्हती.

"आता काय करायचं, तेवढं सांग," जोमाकाका म्हणाले.

"टेकडीवरच्या जुन्या चुनाभट्टीत बरण्या न्यायच्या. ती दगडी आहे, कोरडी आहे, घरांपासून लांब आहे. पण त्याआधी तडकलेल्या बरण्यांतले गोळे रिकाम्या, धडक्या बरण्यांत घालून वर रॉकेल ओतायला हवं. कोठीत साठवलेलं जादा रॉकेल सांडलंय. मला घराघरातलं रॉकेल द्या."

पुढची रांग पुन्हा मागे सरकली.

गावात वीज नव्हती. आज पाणी घरात शिरलं, तर रात्रभर अंधारात लेकरं, शेरडं, म्हातारी माणसं सांभाळायची होती. कंदिलातलं रॉकेल म्हणजे आज रात्रीचा आधार. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुरुषांनी खाली पाहिलं. हात कुणाचाच पुढे आला नाही.

"अर्धा कंदील तरी," सगुणा म्हणाली.

तेवढ्यात बांधाच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "हाशा! अरे हाशा, ठेव ते!"

हाशा चावडीवर नव्हताच. सगुणा वर्तुळं काढत होती तेव्हाच तो निघून गेला होता. घाईत तिनं कोठीचं दार उघडंच ठेवलं होतं. आता तो बांधावर उभा होता आणि त्याच्या हातात खालच्या फळीवरची एक लहान बरणी होती. बहुधा त्यानं ठरवलं असावं, सुरुवात लहानापासून करू.

"त्या बरणीवर किती वर्तुळं आहेत?" सगुणा ओरडली. "हाशादादा, वर्तुळं बघा! चार आहेत का?"

हाशानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्यानं दोन्ही हातांनी बरणी उचलली आणि खाडीत भिरकावली.

ती पाण्यापर्यंत अख्खी पोहोचलीच नाही. बांधाखालच्या दगडावर आपटून फुटली, आतलं रॉकेल नि बारीक तुकडे हाशाच्या अंगावर उडाले आणि गोळा घरंगळत पाण्यात गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाण्यावर जांभळी ज्योत उठली. तसली ज्योत गावानं कधी पाहिली नव्हती. ती पाण्यावर इकडून तिकडे सैरावैरा धावली आणि पाठोपाठ असा धडाका झाला की चावडीची कौलं खडखडली. हाशाची होडी पेटली. बांधाचा एक लचका सुटून खाडीत गेला. हाशा मागे फेकला गेला आणि बांधावर उताणा पडला.

मग कुणी कुणासाठी थांबलं नाही. सगळं गाव टेकडीकडे पळत सुटलं. लेकरं रडत होती, बायका नावं घेऊन हाका मारत होत्या, कुणाची चप्पल सुटली, कुणाचं गाठोडं फुटलं.

सगुणाही पळाली. हे तिनं पुढे कधी लपवलं नाही. तिला फक्त तो आवाज ऐकू येत होता, फडकं पेटतानाचा, आणि पाय आपोआप पळत होते. टेकडीच्या पहिल्याच चढावर दम लागला म्हणून ती थांबली, आणि तिनं मागे वळून पाहिलं.

बांधावर एकच माणूस हाशाजवळ गेलं होतं. ती होती गोमतीमावशी, गावची सुईण. यमुनेला बघायला हाशाच्या घरी आलेली. ती हाशाशेजारी गुडघ्यावर बसली होती. हाशाचा हात आणि गालाची एक बाजू भाजली होती, तो कण्हत होता. गोमतीमावशी तांब्या घेऊन खाडीचं पाणी आणायला जपून बांध उतरू लागली.

भाजलेल्या माणसावर पाणी ओतायचं, हे कुणालाही सुचेल. पण हाशाच्या सदऱ्यावर, खांद्यापाशी, काहीतरी करडं चिकटलेलं सगुणाला वरूनही दिसलं. सदरा बरणीतल्या रॉकेलनं भिजलेला होता, म्हणून तो तुकडा अजून शांत होता.

"मावशी, पाणी नको! पाणी ओतू नका!"

वारा खाडीकडून वाहत होता. तिचा आवाज खाली पोहोचत नव्हता.

सगुणाचे पाय उताराकडे वळेनात. पुढे जायचं म्हणजे कोठीच्या दारावरूनच जायचं होतं. तिला गुरुजींची ती न मिटणारी बोटं आठवली. मग गोमतीमावशीचा तांब्या पाण्यात बुडालेला दिसला, आणि ती धावली. ती रडत रडत धावली. घसरली, उठली, पुन्हा धावली.

तांब्या हाशाच्या अंगावर कलता कलताच तिनं मावशीचा हात धरला. अर्धं पाणी चिखलात सांडलं.

"आधी हे काढू द्या. मग हवं तेवढं पाणी."

सगुणानं कोठीतून लोखंडी चिमटा आणि तळाशी थोडं रॉकेल उरलेलं एक भांडं आणलं. तिचा हात एवढा थरथरत होता की चिमटा तुकड्याला लागेना. गोमतीमावशीनं काही न विचारता तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि स्थिर केलं. तुकडा सुटला. सगुणानं तो त्या रॉकेलमध्ये टाकला. मग दोघींनी हाशाचा सदरा फाडून दूर फेकला, कातडीवर आणखी काही नाही ना ते पाहिलं, आणि तेव्हा कुठे तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं.

चिखलात पडलेल्या सदऱ्याला ओल लागली आणि त्यावरचा डोळ्यांना न दिसलेला एक कण फुस्सकन जांभळा पेटून विझला. गोमतीमावशी त्या जागेकडे बघत राहिली.

"हे त्याच्या खांद्यावर झालं असतं," ती हळूच म्हणाली.

"हो, मावशी."

गोमतीमावशी उठली. हाशाच्या घरात गेली आणि आपला कंदील घेऊन बाहेर आली. रात्रीअपरात्री बाळंतिणीकडे जाताना तिच्या हातात असायचा तोच तो. यमुनेला कधीही कळा लागतील अशी वेळ होती. मावशीनं कंदिलाचं झाकण फिरवलं आणि त्यातलं सगळं रॉकेल सगुणापुढच्या भांड्यात ओतलं.

"मावशी, रात्री यमुनेला..."

"रात्र आली तर बघू. तू सांग, आता काय उचलायचं?"

जोमाकाका एव्हाना परत आले होते. पाठोपाठ पाच-सहा गडीही खाली उतरले. त्यांनी टेकडीवरून सगळं पाहिलं होतं. पाणी ओतण्याआधी सगुणानं तो तुकडा काढला, हेही पाहिलं होतं. मग बायका उतरल्या. कुणाच्या हातात बाटली होती, कुणाच्या हातात कंदील, कुणाच्या हातात नुसती रॉकेलची चिमणी. भीती प्रत्येकीच्या चेहऱ्यावर होती. पण त्या उतरल्या.

तरीही सगळ्या बरण्यांना पुरेल एवढं रॉकेल झालं नाही.

कोठीत मधल्या फळीवर सोडियमच्या मोठ्या बरण्या होत्या. त्या बहुतेक धडक्या होत्या. तडकल्या होत्या त्या खालच्या फळीवरच्या लहान बरण्या आणि वरच्या फळीवरची एक भलीमोठी. त्या मोठ्या बरणीचं झाकण निखळलं होतं आणि आतला गोळा रॉकेलवर तरंगत होता. त्याची पाठ उघडी पडून काळी झाली होती.

"आधी तो झाकायला हवा," जोमाकाका घाईनं म्हणाले. "एवढा मोठा आहे, आणि वरून उघडा! बघवत नाही."

बघवत सगुणालाही नव्हतं. पण तिनं बरणीवरची वर्तुळं पाहिली आणि मान हलवली.

"नाही, काका. आधी या लहान."

"अगं, यांत गोळे केवढेसे आहेत!"

"गोळ्याकडे नका बघू. बाहेरच्या ठिपक्याकडे बघा. मोठ्यावर दोनच वर्तुळं आहेत. त्याला लिथियम म्हणतात. त्याचा एकटा ठिपका केंद्रकाच्या जवळ आहे, केंद्रकानं त्याला घट्ट धरून ठेवलंय. तो सुटेल, पण सावकाश. या लहान बरण्यांत पोटॅशियम आहे. दोन, आठ, आठ आणि एक. त्याचा ठिपका चौथ्या वर्तुळात, लांब. केंद्रकाची पकड तिथे ढिली. हाशादादानं टाकली ती यातलीच."

जोमाकाकांनी वर्तुळं मोजली. ताप भरेल म्हणून जे ठिपके त्यांनी आयुष्यात कधी मोजले नव्हते, तेही मोजले. मग ते म्हणाले, "बरं. आधी लहान."

पोटॅशियमचे गोळे सगुणानं एकेक करून कोरड्या, धडक्या बरण्यांत घातले आणि गावाचं रॉकेल त्यांच्यावर ओतलं. गडी त्या बरण्या छातीशी धरून टेकडी चढू लागले. पायांखाली चिखल होता आणि प्रत्येक जण पाऊल टाकण्याआधी जागा चाचपत होता. यमुनेला डोलीत घालून त्याच वाटेनं नेलं. हाशाला दोघांनी आधार देऊन नेलं.

सोडियमच्या बरण्या निघाल्या तेव्हा पाऊस आला. बायकांनी डोक्यावरची पानांची इरली काढून बरण्यांवर धरली आणि स्वतः भिजत चालल्या. इरल्याच्या कडेवरून पाणी गळायला लागलं की एकमेकींना हळू आवाजात सांगायच्या, "तिरकं धर गं. तुझ्या बाजूनं तिरकं धर."

शेवटी राहिली ती मोठी बरणी. सगुणा आणि जोमाकाका ती घ्यायला आत गेले तेव्हा भिंतीच्या सांध्यांतून पाण्याच्या बारीक धारा सुरू झाल्या होत्या. सगुणानं बरणी उचलली आणि वळली, तोच एक दगड निखळला. पाण्याचा फवारा तिच्या अंगावरून बरणीत पडला.

काळ्या गोळ्याभोवती बुडबुडे उसळले. सूं असा आवाज यायला लागला.

"टाक!" जोमाकाका ओरडले. "सगुणा, टाक ती आणि पळ!"

टाकायची म्हणजे कुठे? खाली फरशीवर पाणी होतं.

"नाही," ती म्हणाली. "हा वेळ देतो, काका. याचा ठिपका जवळ आहे. हा वेळ देतो."

हे ती त्यांना सांगत होती की स्वतःला, ते तिलाही कळत नव्हतं. बरणी गरम होत होती. ती दाराबाहेर आली. चालत राहिली. पळावंसं वाटत होतं, पण पळालं असतं तर बरणी हिंदकळली असती. जोमाकाकांनी आपलं इरलं बरणीवर धरलं. ते ओरडायचे थांबले होते आणि तिच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत होते. बुडबुडे येतच होते. मग थोडे कमी झाले. मग अधूनमधून एखादा. पाणी रॉकेलपेक्षा जड, ते खाली तळाशी जाऊन बसलं होतं आणि हलका गोळा वर रॉकेलवर तरंगत राहिला होता.

भट्टीत पोहोचल्यावर सगुणानं बरणी दगडावर ठेवली. चिमट्यानं गोळा उचलून कोरड्या बरणीत घातला, उरलंसुरलं रॉकेल ओतलं, गोळा आत दाबून धरेल असं झाकण बसवलं, आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

दुपारी बांध फुटला.

सगळं गाव टेकडीवरून पाहत होतं. पाणी कोठीच्या दारातून आत गेलं. लोकांनी लेकरांचे कान झाकले. कुणी डोळे मिटून घेतले. कोठीत कुठेतरी फरशीवर सांडलेला एक कण उरला असावा. खिडकीत जांभळा उजेड चमकला आणि गेला. बायकांच्या तोंडून एकदमच किंकाळी निघाली. पण त्यानंतर काही झालं नाही. पाणी मिठागरांत पसरलं, अंगणांत शिरलं, आणि भरती सरल्यावर जसं आलं तसं परत गेलं. घरं ओली झाली, पण उभी राहिली.

यमुनेला त्या दिवशी कळा आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, तिला मुलगी झाली.

हाशाचा हात बरा व्हायला फार दिवस लागले. गालावरचा डाग गेला नाही. बरा झाल्यावर एकदा तो सगुणाकडे आला आणि उंबऱ्याशी उभा राहिला.

"बाय, मला वाटलं होतं मी गाव वाचवतोय."

"मला माहीत आहे, दादा. तुम्ही घाबरला होता. मीही घाबरले होते. मी तर पळाले."

"तू ती वर्तुळं आधी का नाही सांगितलीस आम्हाला? इतकी वर्षं?"

गुरुजींचं कुलपाचं बोलणं सगुणाला आठवलं, पण ते तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, "चुकलं."

दुसऱ्या दिवसापासून ती चावडीवर बसू लागली आणि येईल त्याला वर्तुळांचा अर्थ समजावून सांगू लागली.

पावसाळा सरल्यावर प्रयोगशाळेची माणसं गाडी घेऊन आली. बरण्या भट्टीतून गाडीपर्यंत न्यायच्या होत्या. सगुणानं विचारलं, "कोण उचलेल?"

सगळ्यांत आधी हाशा पुढे आला. त्यानं मोठी बरणी मागितली नाही. चार वर्तुळांची लहान बरणी मागितली. त्याची बायको म्हणाली, "अहो, नको. दुसरं कुणी नेईल."

हाशानं ती दोन्ही हातांनी घेतली. त्याचे हात उघड उघड थरथरत होते. तो इतका सावकाश चालला की मागचे लोक ताटकळले, पण कुणी त्याला घाई केली नाही. त्यानं बरणी गाडीतल्या कोरड्या गवतावर ठेवली, झाकण तपासलं, आणि हात मोकळे झाल्यावर तिथेच चाकाशी बसून लहान मुलासारखा रडला.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य असं: धोक्यापासून माणसांना दूर ठेवायला नुसती भीती घालून भागत नाही, त्या धोक्याचा स्वभाव समजावून सांगावा लागतो. न समजलेली भीती ऐन वेळी चुकीच्या दिशेला पळते. समजलेली भीती हात कापत असतानाही योग्य काम करते.